सांगणारा कुठे बसला आहे? ज्यू लोककथांच्या एका वाचनपेटीविषयी

जळगावहून चालणाऱ्या मुलांसाठीच्या एका घरपोच वाचनपेटी सेवेची मी गेल्या जूनपासून वर्गणीदार आहे. दरमहा एका विषयावरच्या सहा पुस्तिकांची पेटी एसटीच्या पार्सलने चोपड्याला येते, ती महिनाभर ठेवून घ्यायची आणि मोजून परत पाठवायची, अशी व्यवस्था आहे. वर्गणी ३०० रुपये आणि अनामत ५०० रुपये. या महिन्याच्या पेटीचा विषय होता ज्यूंच्या लोककथा. सहा सचित्र मराठी पुस्तिका, पालक-शिक्षकांसाठी एक चौपानी माहितीपत्रक आणि प्रत्येक पुस्तिकेच्या मागे छापलेल्या क्यूआर कोडवर तीच कथा ऐकण्याची सोय, एवढा ऐवज पेटीत होता. मी पाचवीला शिकवते. वर्गात २३ मुले आहेत, त्यांतली बहुतेक घरी अहिराणी बोलतात आणि पुस्तकातली मराठी त्यांना समजत असली तरी ती त्यांना पाहुण्यासारखी वाटते. दप्तराविना भरणाऱ्या चार शनिवारी मी या सहाही कथा त्यांना वाचून दाखवल्या आणि त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

मुलांच्या पुस्तकांचे अभिप्राय लिहिताना आपण चित्रे, छपाई, भाषा आणि ‘काय शिकायला मिळते’ एवढ्यावर थांबतो. या कथांच्या बाबतीत मात्र निवेदक कुठे बसला आहे, त्याला किती ठाऊक आहे आणि त्यातले तो किती सांगतो, यावरच सगळा डोलारा उभा आहे. ती बैठक जिथे शाबूत राहिली तिथे या पेटीतल्या पुस्तिका उत्तम उतरल्या आहेत. जिथे संपादकांनी मुलांच्या सोयीसाठी म्हणून ती हलवली, तिथे कथेचा जीव गेला आहे.

पहिल्या शनिवारी हेर्शेलेची कथा घेतली. हेर्शेले ओस्त्रोपोलर हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या युक्रेनच्या भागात होऊन गेलेला विनोदी माणूस. मेझिबिझ गावच्या रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) बारूख यांच्याकडे, त्यांचे उदास मन रमवण्यासाठी तो राहत असे, असे सांगतात. कथा अशी की खिशात दमडी नसलेला भुकेला हेर्शेले एका खाणावळीत येतो. मालकीण म्हणते, आज देण्यासारखे काही नाही. हेर्शेले येरझाऱ्या घालू लागतो आणि भुवया आवळून म्हणतो, ‘मग माझ्या बापाने जे केले तेच मला करावे लागणार.’ बाई घाबरते, याच्या बापाने काय केले असेल कोण जाणे, म्हणून धावपळ करून ताट वाढते. तो पोटभर जेवल्यावर ती भीतभीत विचारते, तुझ्या बापाने असे केले तरी काय होते? तो म्हणतो, ‘जेवायला मिळाले नाही की ते उपाशीच झोपत.’

ही कथा तृतीयपुरुषी आहे, पण सर्वज्ञ निवेदकाची नाही. निवेदक सगळा वेळ चुलीजवळ, त्या बाईच्या बाजूला बसलेला असतो. तिला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. हेर्शेलेच्या मनात निवेदक एकदा जरी डोकावला असता, ‘हेर्शेलेला एक युक्ती सुचली’ एवढे वाक्य जरी आले असते, तरी कथा तिथेच संपली असती. पुस्तिकेत ते वाक्य नाही, याबद्दल अनुवादकाचे आभार मानले पाहिजेत. चित्रकाराने मात्र पाचव्या पानावर हेर्शेलेला वाचकाकडे पाहून डोळा मिचकावताना दाखवला आहे. शब्दांनी जे झाकले ते चित्राने उघडे केले. मी त्या चेहऱ्यावर हजेरीपटाचा एक कोरा तुकडा चिकटवला आणि मगच पुस्तिका मुलांच्या हातात दिली. बापाने काय केले असेल, यावर वर्गात कुऱ्हाडीपासून आग लावण्यापर्यंत सगळे तर्क झाले आणि शेवटचे वाक्य वाचल्यावर दोन क्षण कोणी बोललेच नाही. मग मागच्या ओळीतून हसू फुटले आणि ते पुढे सरकत आले. डोळा मिचकावणारा हेर्शेले आधीच दिसला असता तर हे झाले नसते.

दुसरी पुस्तिका खेलमच्या शहाण्यांची. खेलम हे पोलंडच्या पूर्व भागातले खरेखुरे गाव आहे, पण यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या लोककथांनी त्याला निव्वळ मूर्खांचे गाव करून टाकले. या कथांचे मर्म असे की निवेदक तिथल्या लोकांना चुकूनही मूर्ख म्हणत नाही. तो त्यांना ‘शहाणे’ म्हणतो, त्यांच्या पंचांच्या सभेचा वृत्तांत आपल्या ग्रामसभेच्या इतिवृत्तासारखा जसाच्या तसा देतो आणि चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही. रात्री गावात पहिला बर्फ पडतो. सगळे इतके शुभ्र दिसते की ते तुडवले जाऊ नये, असे गावाला वाटते. पण पहाटे प्रार्थनेसाठी लोकांना उठवायला सेवक घरोघर फिरणार आणि त्याच्या पावलांनी बर्फ बिघडणार! सभा बसते, खल होतो आणि ठरते की सेवकाने चालायचे नाही, त्याला टेबलावर उभे करायचे आणि चौघांनी ते टेबल उचलून गावभर फिरवायचे.

आमच्या मुलांनी बर्फ पाहिला आहे तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. अंगणभर पसरलेला बर्फ कसा समजावायचा, या विचारात मी असताना एक मुलगा म्हणाला, ‘बाई, जिनिंगात कापूस पडेल ऱ्हास तसा.’ त्यानंतर मला काही समजावून सांगावे लागले नाही. त्याच मुलाने पुढे बोटावर मोजून दाखवले की एकाच्या जागी चौघांची पावले उमटली. हे गणित मुलांनी स्वतः करायचे असते, निवेदकाने नव्हे. इथे मात्र पुस्तिकेने घोटाळा केला आहे. मुखपृष्ठावर ‘वेड्यांचे गाव’ असे छापले आहे, पहिल्याच पानावर चार उद्गारचिन्हे आहेत आणि शेवटी चौकटीत ‘पाहिलेत ना, या मूर्खांनी काय केले?’ असा प्रश्न आहे. निवेदक सभेत बसलेला असतो तेव्हा कथा चालते. तो सभेबाहेर येऊन बोट दाखवू लागला की उरतो तो फक्त शेरा. मी ती चौकट वाचलीच नाही. एका मुलीने नंतर ती स्वतः वाचली आणि विचारले, ‘बाई, हे कोण बोललं? गोष्टीतलं तर कोणी नाही.’ समीक्षेच्या पुस्तकात निवेदकाच्या घुसखोरीवर जे पानभर लिहिलेले असते, ते तिने एका प्रश्नात विचारले.

घर अपुरे पडते अशी तक्रार करणाऱ्याला त्याच घरात कोंबड्या, बकरी आणि गाय आणून ठेवायला आणि मग त्या बाहेर काढायला सांगणाऱ्या रब्बीची कथाही पेटीत आहे. ती ठीक उतरली आहे. रब्बीच्या मनात काय आहे हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही, हे बरे झाले. मुलांना मात्र ती फारशी भावली नाही. घरात बकरी असणे यात अडचण ती काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

या पेटीतली सर्वांत चांगली पुस्तिका टर्की झालेल्या राजपुत्राची आहे. ही कथा ब्रेस्लोवचे रब्बी नाखमान (१७७२ ते १८१०) यांच्या नावे सांगितली जाते. एका राजपुत्राला वाटू लागते की आपण टर्की पक्षी आहोत. तो कपडे काढून टेबलाखाली बसतो आणि पडलेले दाणे व हाडे वेचून खातो. वैद्य हात टेकतात. मग एक शहाणा माणूस येतो, तोही कपडे काढून टेबलाखाली शिरतो आणि म्हणतो, मीही टर्कीच आहे. दोघांची गट्टी जमल्यावर तो हळूच सदरा मागवतो: टर्कीने सदरा घालू नये असे थोडेच आहे? मग पायजमा, मग माणसांचे जेवण, मग टेबलाशी बसणे. मराठीत टर्कीचे काय करायचे, हा अनुवादकापुढचा प्रश्न असणार. कोंबडा किंवा मोर करण्याचा मोह त्याने टाळला आणि ‘मोठ्या कोंबड्यासारखा, गळ्याला लोंबती लाल कातडी असलेला पक्षी’ असे एका वाक्यात सांगून टाकले, ते मला पटले.

इथे दृष्टिकोन हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा लागतो. पहिल्या दोन पानांवरची चित्रे वरून काढलेली आहेत: मेजवानीची ताटे, राजाचा मुकुट, आणि कोपऱ्यात टेबलाच्या झालरीखालून दिसणारी पावले. शहाणा माणूस टेबलाखाली शिरतो त्या पानापासून चित्रकारही खाली जातो. राजा आता फक्त जरीच्या चढावांएवढा दिसतो, राणी घागऱ्याच्या काठाएवढी, वैद्य वहाणांच्या चार जोडांएवढे. मजकूरही तसाच बदलतो. आधी निवेदक ‘राजपुत्राला भ्रम झाला होता’ असे दरबाराच्या बाजूने सांगत असतो. टेबलाखाली गेल्यावर ‘दोघे टर्की’ असे तो बिनदिक्कत म्हणू लागतो आणि शेवटच्या पानापर्यंत ‘भ्रम’ हा शब्द पुन्हा येत नाही. ‘राजपुत्र बरा झाला’ असेही तो म्हणत नाही. ‘दोघे टर्की टेबलाशी बसून जेवू लागले’ एवढेच म्हणतो. हा बदल कोणी जाणीवपूर्वक केला असेल तर त्या व्यक्तीला माझा नमस्कार. मुलांनी मधल्या सुट्टीत वर्गातली दोन बाके जोडून खाली शिरून पाहिले. माझ्या चपलेचा अंगठा तुटला आहे, ही बातमी मला तिथून मिळाली.

होनीच्या कथेकडे मी मोठ्या आशेने पाहत होते, कारण पावसाची कथा खानदेशात सांगायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. पहिल्या सरीवर कापूस लावून नंतर पंधरा दिवस आभाळाकडे पाहत बसणे म्हणजे काय, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना घरून माहीत असते. सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात ही कथा आहे. दुष्काळात लोक होनीकडे येतात. तो जमिनीवर एक वर्तुळ आखतो, त्यात उभा राहतो आणि देवाला सांगतो की तुझ्या लेकरांवर दया करीपर्यंत मी इथून हलणार नाही. थेंब थेंब पडू लागतात. होनी म्हणतो, हा पाऊस मी मागितला नव्हता, विहिरी आणि टाकी भरतील असा पाठव. मग धो धो कोसळू लागतो. होनी म्हणतो, हाही नको, कृपेचा पाठव. मग नीट, लागून राहणारा पाऊस सुरू होतो आणि तो इतका पडतो की आता थांबव म्हणायला लोक पुन्हा त्याच्याकडे येतात. इथपर्यंत वर्गात हुंकार चालू होते. खानदेशात कथा ऐकताना कोणीतरी ‘हूं’ म्हणत राहावे लागते, नाहीतर सांगणारा थांबतो.

मूळ कथा इथे संपत नाही. शिमोन बेन शेताख नावाचे त्या काळचे मोठे धर्मपंडित होनीला निरोप पाठवतात की तू होनी नसतास तर मी तुला बहिष्कृत केले असते. पण काय करू, लाडका मुलगा बापाकडे हट्ट करतो आणि बाप तो पुरवतो, तसे तुझे आहे. या एका निरोपाने कथेला दुसरी बाजू मिळते. होनीचे कौतुक करणारा निवेदक स्वतः बाजूला होऊन त्याच्यावर रागावलेल्या माणसालाही बोलू देतो आणि दोघांत बरोबर कोण, हे सांगत नाही. पुस्तिकेत हा निरोप गाळला आहे. पाऊस पडतो, सगळे नाचतात, समाप्त. मुलांना रागावणारे पात्र नको, असे संपादकांना वाटले असावे. मी तो भाग तोंडी सांगितला. मग वर्गात दोन तट पडले. देवाला असे अडवून धरणे बरोबर आहे का, यावर अर्धा तास वाद झाला. गावात पाऊस लांबला की मारुतीच्या देवळात काय काय करतात, याचीही माहिती त्या ओघात निघाली.

माझी सर्वांत मोठी तक्रार सहाव्या पुस्तिकेबद्दल आहे. प्रागचे रब्बी लोएव हे १६०९ मध्ये वारले. त्यांनी मातीचा माणूस घडवून त्यात प्राण फुंकला आणि त्या गोलेमने ज्यू वस्तीचे रक्षण केले, ही आख्यायिका फार नंतर त्यांच्या नावाशी जोडली गेली. १९०९ साली युडल रोझेनबर्ग यांनी ती विस्ताराने छापली, तेव्हा रब्बींच्या जावयानेच हे सगळे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले होते आणि ते जुने हस्तलिखित आपल्याला सापडले, असा बहाणा केला. म्हणजे कथा ताजी होती आणि साक्षीदार उसना होता. ‘मी तिथे होतो’ असे म्हणणाऱ्याचे आपण चटकन खरे धरतो, हे रोझेनबर्ग यांनी नेमके ओळखले होते.

पेटीतल्या पुस्तिकेनेही प्रथमपुरुषी निवेदन घेतले आहे, पण ते दिले आहे खुद्द गोलेमला. ‘मी गोलेम. मी मातीचा आहे. मला तुमच्यासारखेच मित्र हवे होते.’ आता, आख्यायिकेत गोलेमला सगळे येते. पाणी भरता येते, पहारा देता येते, ओझी उचलता येतात. एकच गोष्ट येत नाही, ती म्हणजे बोलणे. माणूस देवासारखा घडवू गेला तरी वाणी देऊ शकला नाही, हीच त्या कथेतली ठेच आहे. त्याच्या तोंडी ‘मी’ घातला की मुलांना तो जवळचा वाटतो हे खरे, आणि माझ्या वर्गालाही तो आवडला हे मी लपवत नाही. पण मग त्याला मुका म्हणायचे कशाला? पुस्तिकेच्या नवव्या पानावर तोच गोलेम म्हणतो, ‘मला बोलता येत नव्हते.’ त्यावर पुढच्या बाकावरून लगेच आले, ‘मंग आते कसा बोली ऱ्हायना?’ मी पुस्तक मिटले.

माहितीपत्रकाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे कथा कोणी सांगितली, कोणत्या भाषेत, कोणत्या गावी, याचा उल्लेख कुठेच नाही. सगळीकडे ‘एक ज्यू लोककथा’ एवढेच लिहिले आहे. १९५५ मध्ये दोव नोय यांनी हैफा येथे इस्रायली लोककथांचे संग्रहालय सुरू केले. तिथे देशोदेशींहून आलेल्या ज्यूंच्या वीस हजारांहून अधिक कथा जमा आहेत आणि प्रत्येक कथेसोबत सांगणाऱ्याचे नाव, त्याचा मूळ देश आणि टिपून घेणाऱ्याचे नाव नोंदवण्याची पद्धत आहे. निवेदक हा कथेचा भाग आहे असे मानणाऱ्यांनीच हा खटाटोप केला. मुलांच्या पुस्तिकेत एवढे नको, पण ‘ही कथा यिद्दिशमधली, ही हिब्रूतली’ असे चार शब्द जड झाले नसते.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकली. पत्रकाची सुरुवातच ‘दूरदेशीच्या एका समाजाच्या कथा’ अशी आहे. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलघाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल हे आपल्याकडचे ज्यू मराठीच बोलत आले. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत, असे ते मानतात आणि त्याच्या नावाने पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने उभी केली. कीर्तनकार तर क्षणात निवेदक, क्षणात पात्र आणि क्षणात श्रोत्यांना दटावणारा गावचा माणूस होतो. दृष्टिकोनाचा याहून चांगला पाठ कोणता? आणि १८७४ साली पुण्यात हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या, मिसरमधल्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री घरोघर वाचायचे पुस्तक, मराठी भाषांतरासह छापले गेले.

त्या हगादाचा उल्लेख पेटीत असायला हवा होता, कारण मुलाला कथा कोणी आणि कुठून सांगायची, हा प्रश्न तिथे उघडच मांडलेला आहे. आपल्या श्रावणातल्या कहाण्या देवतेला सांगितल्या जातात. ‘ऐका शुक्रवारा तुमची कहाणी’ असे वाराला उद्देशून म्हणायचे आणि घरातल्या पोरांनी ते बाजूला बसून ऐकायचे. हगादात उलट आहे. घरातल्या धाकट्या मुलाने प्रश्न विचारल्याशिवाय कथा सुरूच होत नाही. त्यात चार मुलगे आहेत: शहाणा, दुष्ट, साधा आणि ज्याला प्रश्नच विचारता येत नाही तो. यातल्या दुष्टाचा दोष काय, तर तो विचारतो की हे सगळे ‘तुम्हाला’ कशासाठी? त्याने स्वतःला कथेबाहेर ठेवले, एवढाच त्याचा अपराध. बापाने त्याला उत्तर द्यायचे ते ‘माझ्यासाठी देवाने केले’ असे. प्रत्येक पिढीने मिसरमधून आपण स्वतःच बाहेर पडलो असे मानावे, अशी तिथे आज्ञा आहे. हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट ‘ते’ सोडून ‘मी’ने सांगायची! गोलेमला ‘मी’ देण्यापेक्षा हा ‘मी’ मुलांपर्यंत पोहोचवला असता तर पेटीचे सोने झाले असते.

ध्वनिमुद्रणे स्वच्छ आहेत, आवाज गोड आहे, पण प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देण्याच्या नादात खाणावळीची मालकीण किंचाळते आणि हेर्शेले सुरुवातीपासूनच मिश्कील हसतो, म्हणजे पुन्हा तोच डोळा मिचकावण्याचा प्रकार. शिवाय आमच्याकडे नेट जेमतेम चालते. मी दोनच ऐकवली आणि सोडून दिले. चौथ्या शनिवारी मुलांनाच कथा सांगायला लावल्या. एका मुलाने हेर्शेले स्वतःकडे घेतला: ‘मी व्हतू भुक्या, बाई म्हने काहीच नही. मंग मी म्हनू, मना बापनी जे करं तेच मी करसू!’ प्रथमपुरुषात ही कथा चालणार नाही, असे माझे ठाम मत होते. त्याने बापाने काय केले ते स्वतःशीच ठेवले, श्रोत्यांना एक अक्षर कळू दिले नाही आणि कथा चालली. माझे मत मी त्या दिवशी थोडे मागे घेतले.

व्यवहाराचे सांगायचे तर पेटी ठरल्या दिवशी आली, पुस्तिका जाड कागदाच्या आणि दोऱ्याने शिवलेल्या आहेत, २३ मुलांच्या हातांतून फिरूनही एकच पान सुटले. ते मी कळवले तेव्हा अनामतीतून काही कापले नाही. शेऱ्यांच्या चौकटींबद्दलही मी लिहून पाठवले. पालकांना त्या हव्या असतात, असे उत्तर आले. सहापैकी तीन पुस्तिका घेण्याजोग्या, दोन वाचणाऱ्याने सावरून घेण्याजोग्या आणि एक, गोलेमची, नव्याने लिहिण्याजोगी, असा माझा हिशेब आहे. पुढच्या महिन्याची वर्गणी मी भरली आहे. परत पाठवताना पेटीत पाचच पुस्तिका भरल्या. टेबलाखालच्या राजपुत्राची मुलांनी सोडली नाही, तिचे ९० रुपये वेगळे भरून पावती घेतली.